कार्ल्याच्या दारावरचा सुतार

एकवीरा आईचे दर्शन घेऊन पुष्कळ मंडळी तशीच डोंगर उतरतात. त्यांनी आणखी चार पावले टाकावीत, असे मला नेहमी वाटते. देवळाला लागूनच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. वय सुमारे दोन हजार वर्षे. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे.

आत शिरताच आपला आवाज आपोआप खाली येतो. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची ४५ फुटांच्या आसपास. दोहो बाजूंना पंधरा-पंधरा खांब. तळाशी घट, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. टोकाला स्तूप, त्यावर लाकडी छत्र. त्यामागचे सात खांब मात्र अगदी साधे. दर्शनी भागातल्या नालाकृती गवाक्षातून उजेड येतो तो नेमका स्तूपावर; कडेच्या वाटा सावलीतच राहतात.

आता मान वर करा. कमानदार छताला सागवानी बरगड्या दिसतील, बऱ्याचशा मूळच्याच. डोंगराच्या छताला लाकडाचा आधार कशाला? आधार नव्हेच तो! लाकडी सभागृहे उभारणाऱ्या हातांची ती सवय. समोरच्या डोंगरात भाज्याचे लेणे याहून जुने. तिथले खांब आत कललेले आहेत, जणू छताचा रेटा सोसण्यासाठी. कार्ल्याला ते ताठ झाले. मधल्या काळात कारागिराचा दगडावर विश्वास बसला होता.

हे सारे कोणी केले? आपण सवयीने राजाचे नाव शोधू लागतो. राजांनी इथल्या भिक्षूंना गावे दिल्याचे लेख आहेतच. पण हा शैलप्रासाद पुरा केल्याचे श्रेय कोरलेले आहे ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे. आणि जंबुद्वीपात हाच सर्वोत्तम, असे त्याने बिनदिक्कत म्हटले आहे. कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिले. एक दार दिले त्याच गावच्या सिंहदत्ताने. तो सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आणि दाराचे काम करणाराही तिथलाच: वेणुवासाचा मुलगा सामी, धंद्याने सुतार.

मोठमोठ्या इमारतींवर धन्याचे नाव असते, कारागिराचे क्वचितच. इथे सुताराचे नाव बापाच्या नावासकट दगडावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलात, तर हत्ती त्यांना आपणच सापडतील. सामीची ओळख मात्र तुम्ही करून द्या.