कोंबडीच्या खाद्यातले औषध

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतही कोंबडी ही रविवारच्या जेवणातली चैन समजली जाई. पुढे ती रोजच्या जेवणात आली. त्यात नव्या जातींचा, मोठ्या शेडचा आणि तयार खाद्याचा वाटा होताच. पण त्या खाद्यात एक औषधही होते आणि त्याची किंमत आपण अजून मोजत आहोत.

न्यूयॉर्क राज्यात पर्ल रिव्हर येथे लेडर्ले प्रयोगशाळा होती. तेथील संशोधनाची सूत्रे आंध्रातून आलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका जंतूपासून ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक शोधले. १९४८ मध्ये ते जगासमोर आले आणि त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. यानंतर थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ पिलांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन तयार करताना उरणारा चोथा त्यांनी पिलांना घातला. नुसत्या बी-१२ ने वाढावीत त्याहून ती झपाट्याने वाढली. हा चोथ्यात राहिलेल्या औषधाचा गुण होता. १९५० मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि १९५१ मध्ये असे खाद्य पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून विकायला परवानगी मिळाली. १९५५ मध्ये तर साफ केलेली कोंबडी जास्त दिवस टिकावी म्हणून याच औषधाच्या पाण्यात बुडवण्यासही मंजुरी देण्यात आली. ती १९६६ मध्ये मागे घेतली गेली.

यात बिघडले कोठे? औषध थोडे थोडे रोज पोटात गेले की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. शिवाय हा चिवटपणा जंतू एकमेकांना, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. कारखान्यात हजारो कोंबड्या एकाच यंत्रावरून व थंड पाण्याच्या एकाच टाकीतून जातात. तेथे एकीच्या आतड्यातली घाण दुसरीला लागायला वेळ लागत नाही.

ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ मध्येच याबाबत इशारा दिला होता. १९७६ मध्ये डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पिलांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातले औषध घातल्यावर काही दिवसांतच त्यांच्या पोटात त्याला न जुमानणारे जंतू दिसू लागले. पाच-सहा महिन्यांत ते शेतावरच्या माणसांच्या पोटातही वाढले. शेजाऱ्यांत मात्र तसे घडले नाही. विशेष म्हणजे या प्रयोगाला पैसा पशु-औषध उत्पादकांच्याच संघटनेने दिला होता. १९७७ मध्ये एफडीएने खाद्यातले पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसने आणखी अभ्यास मागितला, प्रस्ताव चौतीस वर्षे पडून राहिला आणि २०११ मध्ये एफडीएनेच तो मागे घेतला.

या काळात १९९५ मध्ये फ्लुओरोक्विनोलोन ही नवी औषधे कोंबड्यांसाठी मंजूर झाली. एकेक पक्षी वेगळा काढून औषध पाजणे शक्य नसल्याने ते सगळ्या कळपाच्या पाण्यात मिसळले जाई. माणसाला जुलाब आणणारा कॅम्पिलोबॅक्टर त्यामुळे या औषधांना दाद देईनासा झाला. २००० मध्ये सुरू झालेली बंदीची प्रक्रिया २००५ मध्ये पुरी झाली. केवळ वजन वाढवण्यासाठी माणसांच्या उपयोगाची अँटिबायोटिक्स देणे युरोपीय संघाने २००६ पासून, तर अमेरिकेने २०१७ पासून थांबवले. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या राखीव औषधावर पशुपालनात बंदी घातली. पुरावा आधी आणि निर्णय कित्येक वर्षांनी, हीच या इतिहासाची रीत दिसते.

आपल्या स्वयंपाकघरापुरते दोन शब्द. 'अँटिबायोटिकविना वाढवलेली' ही चिठ्ठी औषधाबद्दल सांगते. मांसावर जंतू नाहीत असे सांगत नाही. आपल्याकडे कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याची सवय आहे, पण त्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. त्यांना मारते ती आच. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापले, म्हणजे औषधांना न जुमानणारा जंतूही मरतो.