स्वतंत्रपूर

सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळची खुली कैदी वसाहत. स्थापना १९३९, तत्कालीन औंध संस्थानात. शिक्षा झालेले कैदी येथे बायकामुलांसह घर करून राहतात, शेती करतात आणि तट, गज नसलेल्या जागेत शिक्षेची मुदत पुरी करतात. भारतातील खुल्या तुरुंगांच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत हिची गणना होते. माणसाचे शील कशाने घडते, या जुन्या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात ज्या थोड्या ठिकाणी प्रत्यक्ष करून पाहिले गेले, त्यांत स्वतंत्रपूरचा मान मोठा आहे. म्हणून ही नोंद तुरुंगाच्या कारभारापुरती ठेवलेली नाही.

औंध हे जेमतेम बहात्तर गावांचे, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले संस्थान. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार होते. १९३८ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेकडे सोपवण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली, ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना अमलात आली. या कामात पुत्र आप्पासाहेब पंत यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन होते. पोलंडमधील ज्यू घराण्यात जन्मलेले हे इंजिनिअर बंगळुरूला म्हैसूर सरकारच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यात नोकरीला होते. पुढे भगवी वस्त्रे आणि ‘भारतानंद’ हे नाव घेऊन औंधात रमले. मुंबईच्या खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारे फ्रीडमन ते हेच. कैद्यांना कोठडीतून काढून माळावर वसवण्याची कल्पना त्यांची. राजांनी ती मानली, आणि माणदेशातल्या कमी पावसाच्या, खडकाळ जमिनीवर वसाहत उभी राहिली.

नव्या प्रयोगाला जागा देण्याचा राजांचा स्वभाव आधीही दिसला होता. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ त्यांनीच दिला. त्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीवर नेमले. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्याच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, हा त्यांचा हिशेब होता.

स्वतंत्रपूरच्या प्रयोगाचे मोल कळण्यासाठी त्याच काळातले सोलापूर पाहावे लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली जात, त्यांची हजेरी घेतली जाई, परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकणे हाच गुन्हा ठरे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सोलापुरात ज्यांनी काहीही केलेले नव्हते ती मुले कुंपणात वाढत होती. औंधच्या हद्दीत गुन्हा शाबीत झालेली माणसे मोकळ्या रानात नांगर धरत होती. दोन्हींच्या मुळाशी माणसाच्या स्वभावाविषयीचा एकेक ठाम समज आहे. पहिला समज खोटा होता, आणि त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या निरपराधांनी मोजली, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

ॲरिस्टॉटलने म्हटले होते की, न्यायाची कृत्ये करत गेल्यानेच माणूस न्यायी होतो. सद्‌गुण हा सवयीने अंगी मुरतो. बंद तुरुंगात या सवयीला वावच नसतो. भिंत असताना पळून न जाणे यात कैद्याचे काही कर्तृत्व नाही. कुलूप काढले की मग मात्र तिथे थांबणे ही त्याची स्वतःची, रोज नव्याने केलेली निवड होते. स्वतंत्रपूरच्या माणसाला पेरणीची वेळ साधायची असते, जनावरांना वैरण-पाणी बघायचे असते, मुलाला शाळेत धाडायचे असते. शपथा आणि उपदेश यांच्यापेक्षा या कामांनी माणूस बांधला जातो. विश्वास ही चांगल्या वर्तनाची बक्षिसी समजली जाते. येथे तो आधी दिला गेला आणि वर्तन त्याच्या मागून आले.

वसाहतीची कीर्ती देशभर गेली ती ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे. कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचा जन्म आटपाडी परिसरातल्याच शेटफळ्याचा, शिक्षण औंधचे. विषय त्यांच्या घरचा होता. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. चित्रपट थोर आहे, पण त्याचा निष्कर्ष वसाहतीच्या इतिहासाशी पुरता जुळत नाही. पडद्यावर सहा कैद्यांना सावरतात ते जेलर आदिनाथचे डोळे. त्याच्या नजरेचा धाक आणि माया त्यांना धरून ठेवते. प्रत्यक्षात फ्रीडमन औंधातून गेले, १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, अधिकारी बदलत राहिले, तरीही वसाहत चालली. तिचा जीव एका सत्पुरुषात नव्हता. घर, जमीन आणि शेजार यांच्या रचनेत तो होता, आणि रचना दुसरीकडेही उभारता येते. पुढे येरवड्याला आणि पैठणला खुले तुरुंग निघाले. राजस्थानात सांगानेरला कुटुंबासह राहण्याची पद्धत रुजली.

आक्षेपही खरे आहेत. येथे येणारा कैदी निवडून आणलेला असतो; शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात चांगल्या वर्तनाने काढल्यावरच त्याची निवड होते, त्यामुळे येथील अनुभव सरसकट सर्वांना लावता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. नवऱ्याच्या शिक्षेत बायको-मुले वाटेकरी होतात, आणि त्यांची सोबत हाच त्याचा जामीन ठरतो. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नसतो. मात्र नवरा दूरच्या तुरुंगात असताना गावात एकटीने दिवस काढणाऱ्या बाईची स्थिती याहून बिकट असते, हेही तितकेच खरे.

सध्या वसाहत महाराष्ट्र कारागृह विभागाच्या ताब्यात आहे. जागा फार थोड्या कैद्यांपुरती आहे. राज्यातले मोठे तुरुंग क्षमतेबाहेर भरलेले असताना इतका जुना, टिकलेला नमुना इतका लहान राहावा, याला सबळ कारण दिसत नाही.