हंसराज आणि वॉर्डसाहेबांची बाटली

नर्सरीतून हौसेने मेडनहेअर फर्न, म्हणजे आपला हंसराज, आणावा, सावलीत ठेवावा, रोज पाणी घालावं आणि तरी आठवड्याभरात पानं करपून कुरकुरीत व्हावीत... बऱ्याच जणांचं होतं असं. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. पण हे कोडं लंडनमधल्या एका डॉक्टरने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच सोडवलंय!

नथॅनियल वॉर्ड हे त्यांचं नाव. घरामागे नेचे वाढवायची त्यांना भारी हौस, पण लंडनच्या कोळशाच्या धुरात एकही टिकेना. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटलीत बंद केला. पतंग राहिला बाजूला, मातीतून उगवलं एक नेच्याचं रोप आणि थोडं गवत. पाणी न घालता ती बाटलीत जवळजवळ चार वर्षं जगली! दिवसा उडालेली वाफ काचेवर जमून परत मातीत, बस्स. नेच्याला मातीइतकीच हवाही ओली लागते, आणि धूर तर नकोच.

मग काय, काचेच्या पेट्या निघाल्या. १८३३ मध्ये त्या जहाजाने सिडनीपर्यंत गेल्या, आतली रोपं जिवंत. पुढे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा अशाच पेट्यांतून हिमालयातल्या मळ्यांसाठी आणला. आपल्या कपातल्या चहाचं नेच्याशी असं नातं आहे, बरं का!

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. घरोघरी पेट्या आल्या तशी इंग्लंडात नेच्यांची साथच पसरली. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जलीने त्या वेडाला 'टेरिडोमेनिया' असं नावच देऊन टाकलं. लोकांनी कडेकपारी ओरबाडल्या. किलार्नी फर्न तर जवळपास संपत आला. जे जगवायची युक्ती सापडली, तेच रानातून नाहीसं व्हायला लागलं.

आपल्याकडे हंसराज पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या दरडींवर दिसतो, मेडनहेअर जुन्या विहिरींच्या भिंतींवरही. ट्रेकला गेलात तर तिथून उपटू नका राव. नर्सरीतून घ्या. उन्हाची तिरीप आणि पंख्याचा वारा टाळा, माती ओलसर ठेवा पण चिखल नको, आणि शेजारी चार कुंड्या दाटीने ठेवा म्हणजे हवेत ओल राहते. बाथरूमची खिडकी तर झकास.

नाहीतर सरळ काचेची बरणी घ्या. वॉर्डसाहेबांचा फॉर्म्युला अजून चालतो!