पहाऱ्यावर गेलेली ‘पिलार’

१९४२ सालीं कॅरिबियन समुद्रांत व मेक्सिकोच्या आखातांत जर्मन पाणबुड्यांनीं अनर्थ मांडला होता. तेलवाहू जहाजें एकामागून एक बुडत होतीं आणि त्यांच्या रक्षणास पुरतील इतक्या युद्धनौका अमेरिकेपाशीं नव्हत्या. तेव्हां हौशी गृहस्थांच्या खासगी नौकाही टेहळणीस जुंपण्यांत आल्या. क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावर फिरणारी ‘पिलार’ ही त्यांतलीच एक.

‘पिलार’ ही कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांची मोटारबोट. ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यानें १९३४ सालीं बांधलेली, लाकडी आणि अवघी ३८ फूट लांबीची; खोल समुद्रांतले मोठे मासे गळानें धरावे, हेंच तिचें काम. हॅवाना येथील अमेरिकन राजदूत स्प्रुइल ब्रेडन यांच्या पाठिंब्यानें तिच्यावर बिनतारी यंत्र, मशीनगनी, हातबाँब आणि स्फोटकें चढलीं. वरून सोंग मात्र शास्त्रीय नमुने गोळा करणाऱ्या नौकेचें होतें.

बेत साधा, पण जिवावरचा होता. मासे व पाणी घेण्यासाठीं पाणबुड्या कोळ्यांच्या होड्या अडवीत, असें ऐकिवांत होतें. तशी एखादी जवळ आली, कीं तिच्यावरील खलाशांवर गोळीबार करावयाचा आणि उघड्या झडपेंतून आंत स्फोटक टाकावयाचें. पण पाणबुडीनें दुरूनच तोफ डागली असती, तर लाकडी फळ्यांचा निभाव कसा लागावा? डिसेंबर १९४२ मध्यें एक पाणबुडी दुरून दिसली आणि निघून गेली. १९४३ च्या उन्हाळ्यांत पहारा संपला, तोंवर चकमक अशी झालीच नाहीं. हेमिंग्वे यांच्या पत्नी, पत्रकार मार्था गेलहॉर्न यांना तर हा सारा उद्योग म्हणजे मासेमारीसाठीं पेट्रोल मिळविण्याची युक्ति वाटे.

त्याच किनाऱ्याजवळ १५ मे १९४३ रोजीं क्यूबाच्या नौदलाच्या ‘सीएस-१३’ या गस्ती नौकेनें ‘यू-१७६’ ही पाणबुडी बुडविली. ही नौकाही लाकडीच, लांबी ८३ फूट. परंतु तिच्यापाशीं पाण्याखालील वस्तूचा माग काढणारें यंत्र होतें, पाण्याखालीं फुटणारे बाँब होते, आणि पाणबुडीचा ठाव विमानानें दाखविला होता.

धाडस ‘पिलार’वरही होतें, उणीव होती ती साधनांची आणि सहकार्याची. संकटाच्या पहिल्या घाईंत जें हाताशीं असेल तें पुढें करावें लागतें. त्यानें वेळ निभावून नेतां येते. युद्ध मात्र जिंकतां येत नाहीं.