चेतक परतली, लुना परतली, सुप्राही परतली. मग आरएक्स १०० का नाही?

रीलमध्ये कुणीतरी जुन्या यामाहा आरएक्स १०० ला किक मारतो, सायलेन्सरमधून तो ओळखीचा आवाज येतो आणि खाली प्रतिक्रियांची रांग लागते. 'आमच्या काकांकडे होती', 'अशी गाडी पुन्हा होणे नाही', 'कंपनीने ही परत आणलीच पाहिजे'. जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच हट्ट जपानी स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांचा असतो. त्यांना माझदाची आरएक्स-७ परत हवी असते, टोयोटाची एमआर२ हवी असते, होंडाची एस२००० हवी असते.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी हे हट्ट पुरवायला सुरुवात केली आहे. टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये परतली, होंडाची प्रील्यूड २०२५ मध्ये. महाराष्ट्रात तर यादी आणखी मोठी आहे: चेतक, लुना, किनेटिक होंडा आणि सिएरा. पण परतलेली प्रत्येक गाडी लोकांनी डोक्यावर घेतली असे नाही. कोणती बंद पडलेली गाडी खरोखर परत यावी आणि कोणती आठवणीतच बरी, हे ठरवायचे कसे?

परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीसारख्या गावात हा प्रश्न नुसत्या आठवणींचा नाही. मोंढ्यात जायचे, दूध घालायचे, दवाखाना गाठायचा, बियाण्याची पिशवी आणायची, सगळे दुचाकीवर. सोयाबीन-कापसाच्या पैशांतून किंवा हप्त्यावर घेतलेली गाडी दहा-पंधरा वर्षे चालवायची असते. जुन्या नावाच्या प्रेमापोटी चुकीची गाडी घेतली, तर हप्ते फिटेपर्यंत ते प्रेम महागात पडते.

बहात्तर सालच्या दोन गाड्या

१९७२ म्हटले की मराठवाड्याला दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दोन कंपन्यांनी दोन गाड्या बाजारात आणल्या आणि पुढची तीस वर्षे मध्यमवर्गाच्या अंगणात त्याच उभ्या राहिल्या.

पहिली बजाज चेतक. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला परवाना करार १९७१ मध्ये संपला आणि बजाजने स्वतःच्या नावाने स्कूटर काढली. नाव दिले महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. पत्र्याची बॉडी, डाव्या हातात गिअर, मागे स्टेपनी. पेट्रोल चढले नाही की गाडी आडवी करायची आणि पुन्हा किक मारायची, हे तर घरातल्या पोरांनाही पाठ होते. एके काळी नोंदणी केल्यावर गाडी हातात यायला अनेक वर्षे लागत. पुढे लोक मोटारसायकलींकडे वळले, चेतक बंद झाली आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटरचा धंदाच थांबवला.

दुसरी किनेटिक इंजिनीअरिंगची लुना. एच. के. फिरोदिया यांच्या कंपनीची ही ५० सीसीची मोपेड पियाजिओच्या चाओ या गाडीवर बेतलेली होती. पेट्रोल संपले तर पायडल मारत घर गाठता येई. सायकल आणि स्कूटर यांच्यामधली जागा तिने भरून काढली. शिक्षिका, पोस्टमन, भाजीवाले, दूधवाले अशा अनेकांची पहिली गाडी लुनाच होती.

दोन्ही गाड्या आता विजेवर परतल्या आहेत, पण वेगवेगळ्या वाटांनी.

चेतक ऑक्टोबर २०१९ मध्ये दाखवली गेली आणि जानेवारी २०२० मध्ये सुमारे एक लाख रुपये किमतीला विक्रीस आली, तीही आधी फक्त पुणे आणि बंगळुरूत. गिअर नाही, किक नाही, आवाज नाही. तरीही बजाजने एक गोष्ट सोडली नाही: पत्र्याची बॉडी. बाजारातल्या बहुतेक विजेच्या स्कूटर प्लास्टिकच्या असताना 'चेतक म्हणजे दणकट' ही ओळख तिने जपली. सुरुवातीला ती शहरातल्या हौशी ग्राहकाची गाडी वाटली. पुढे एक लाखाच्या आतली मॉडेल आली, विक्रीची ठिकाणे वाढली आणि २०२५ मधल्या काही महिन्यांत विजेच्या दुचाकींच्या नोंदणीत बजाज देशात पहिल्या क्रमांकावर होती.

ई-लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. किंमत सत्तर हजारांच्या घरात, कंपनीच्या दाव्यानुसार वजन वाहण्याची क्षमता १५० किलो, एका चार्जिंगमध्ये साधारण ११० किलोमीटर आणि कमाल वेग ताशी ५० च्या आसपास. मागची सीट काढून तिथे माल ठेवता येतो. पायडल मात्र गेले, त्यामुळे चार्जिंग संपले तर ढकलण्यावाचून उपाय नाही. तरीही जुन्या लुनेचे काम, म्हणजे थोड्या पैशांत माणूस आणि ओझे दोन्ही नेणे, नव्या लुनेने सोडलेले नाही.

किनेटिक होंडा: जपानी तंत्र, पुण्याची कंपनी

१९८४ मध्ये किनेटिकने होंडाशी भागीदारी केली आणि गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी स्कूटर भारतीय रस्त्यांवर आणली. आज यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा स्कूटर म्हणजे क्लच, हातातला गिअर आणि किक असे समीकरण होते. किनेटिक होंडाने ते मोडले. स्कूटर शिकण्याची भीती गेली आणि साडी नेसून कामावर जाणाऱ्या अनेक बायका पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या.

१९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. जुलै २०२५ मध्ये किनेटिकने 'डीएक्स' हे जुने नाव विजेच्या स्कूटरला देऊन परत आणले. जुन्या गाडीचा चौकोनी तोंडवळा ओळखू येतो. पण इथे अडचण वेगळी आहे. १९८४ मध्ये जी गोष्ट फक्त किनेटिक होंडाकडे होती, ती आज प्रत्येक स्कूटरकडे आहे. तिने सुरू केलेली लढाई ती केव्हाच जिंकली आहे. त्यामुळे नव्या डीएक्सला आठवणींपलीकडचे कारण स्वतःच शोधावे लागेल.

नाव तेच, गाडी दुसरी

परत येण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुने नाव दुसऱ्याच गाडीला चिकटवणे. नव्या नावाची ओळख करून द्यायला जाहिरातीवर प्रचंड खर्च होतो. जुने नाव लोकांच्या मनात आधीच बसलेले असते.

टाटा सफारीचे उदाहरण ताजे आहे. १९९८ ची सफारी उंच, धिप्पाड होती आणि तिच्यात चारही चाकांना ताकद देणारा पर्याय मिळत असे. ती २०१९ मध्ये बंद झाली. २०२० च्या वाहन प्रदर्शनात टाटाने 'ग्रॅव्हिटास' नावाची तीन रांगांची गाडी दाखवली आणि २०२१ मध्ये तीच 'सफारी' म्हणून बाजारात आणली. कुटुंबासाठी ती चांगली गाडी ठरली, पण ताकद फक्त पुढच्या चाकांना. जुन्या सफारीवाल्यांची तक्रार नेमकी इथेच होती.

जपानमध्ये मित्सुबिशीने याहून मोठी उडी मारली. 'एक्लिप्स' ही त्यांची दोन दारांची स्पोर्ट्स कार. २०१७ मध्ये त्यांनी 'एक्लिप्स क्रॉस' नावाची चक्क एसयूव्ही काढली. नाव सोडले तर दोघींत सारखे काहीच नव्हते.

सुप्राचे प्रकरण मधले आहे. २००२ मध्ये उत्पादन थांबलेली सुप्रा २०१९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या साथीने परतली. सांगाडा आणि इंजिन बीएमडब्ल्यूचे, जोडणी ऑस्ट्रियात. यावरून चाहत्यांनी खूप टोमणे मारले. पण सरळ रांगेतले सहा सिलिंडर आणि मागच्या चाकांना ताकद, ही सुप्राची मूळ रचना शाबूत राहिली. सगळे स्वतः करायचे म्हटले असते तर खर्च परवडला नसता आणि गाडी आलीच नसती.

टाटा सिएराही याच मधल्या वाटेवर आहे. १९९१ ची सिएरा तीन दारांची होती आणि तिच्या मागच्या मोठ्या, वळलेल्या काचा दुरून ओळखू येत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती साडेअकरा लाखांच्या आसपासच्या सुरुवातीच्या किमतीला परतली, पण पाच दारांची होऊन. काचांची ती ठेवण जपली आहे आणि मागच्या सीटवर चढण्याची जुनी कसरत संपली आहे. जे लोकांना आवडायचे ते ठेवले, जे गैरसोयीचे होते ते काढले.

दोन 'आरएक्स', एकच अडचण

आता आरएक्स १०० कडे. एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत भारतात १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ही ९८ सीसीची मोटारसायकल. ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आजच्या १०० सीसीच्या साध्या मोटारसायकलची ताकद साधारण ८ अश्वशक्ती असते. त्यावरून तिच्या पळण्याचा अंदाज येतो.

ही ताकद येत होती टू-स्ट्रोक इंजिनातून. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार फेऱ्यांमध्ये एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमध्ये एकदा. त्यामुळे लहान इंजिनही जोरात ओढते आणि तो विशिष्ट आवाजही याच रचनेतून येतो. पण नवे पेट्रोल आत शिरते तेव्हा धूर बाहेर जाण्याचा मार्गही उघडाच असतो, म्हणून काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. वर इंजिनात ऑइलही जळते. मागून निघणारा निळसर धूर तोच. प्रदूषणाचे नियम १९९६ मध्ये कडक झाले, २००० मध्ये आणखी कडक झाले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू आहे. या नियमांत जुने इंजिन बसत नाही.

माझदा आरएक्स-७ ची गोष्ट अगदी हीच. तिच्या रोटरी इंजिनात वर-खाली होणारे दट्टे नव्हते, तर तिकोनी चकती गरागरा फिरायची. इंजिन लहान, हलके आणि वेगवान. याच जातीच्या इंजिनावर माझदाने १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि ती जिंकणारी पहिली जपानी कंपनी ठरली. पण इंधन पुरते जळत नसे आणि ऑइलही जळत असे. आरएक्स-७ २००२ मध्ये थांबली, तिची वारस आरएक्स-८ २०१२ मध्ये. २०२३ मध्ये रोटरी परत आले ते चाके फिरवायला नाही, तर विजेच्या गाडीची बॅटरी भरणारा जनरेटर म्हणून.

दोन्ही गाड्यांचा जीव त्यांच्या इंजिनात होता आणि नेमके तेच इंजिन आज चालत नाही. आरएक्स १०० चे नाव एखाद्या सर्वसाधारण फोर-स्ट्रोक गाडीला दिले, तर सफारीवाल्यांची तक्रार पुन्हा ऐकू येईल. विजेवर आणली, तर आवाजच नसेल.

मग परत कोणती यावी?

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून तीन प्रश्न तयार होतात. ती गाडी जे काम करायची, ते आज दुसरी कोणती गाडी करत नाही का? तिचा जीव ज्यात होता, ते आजच्या नियमांत जपता येते का? आणि जो माणूस ती तेव्हा घेऊ शकत होता, त्याला ती आजही परवडेल का?

तिसरा प्रश्न होंडाच्या एनएसएक्सने चुकवला. १९९० ते २००५ या काळातली एनएसएक्स रोज चालवता येणारी सुपरकार म्हणून गाजली. २०१६ ची एनएसएक्स तंत्रात अफाट होती, पण अमेरिकेतली किंमत दीड लाख डॉलरच्या पुढे. जगभरात तीन हजारही गाड्या विकल्या न जाता २०२२ मध्ये ती पुन्हा बंद झाली. याउलट टोयोटाने २०१२ मध्ये सुबारूबरोबर '८६' ही गाडी काढली. ती १९८३ च्या एई८६ कोरोलाची नक्कल नव्हती. मात्र हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, तरुणांना झेपेल अशी स्पोर्ट्स कार ही मूळ कल्पना तीच होती. ती चालली आणि २०२१ मध्ये तिची पुढची पिढीही आली.

या कसोटीवर जपानी गाड्यांत पहिला हक्क टोयोटा एमआर२ चा. मध्यभागी इंजिन असलेली, लहान आणि आवाक्यातली गाडी आज कोणतीच मोठी कंपनी बनवत नाही. तिच्यात नियमांत न बसणारे असेही काही नव्हते. आरएक्स-७ चे नाव रोटरी इंजिनानेच चाके फिरणार असतील तरच परत यावे.

आपल्याकडे पहिला हक्क आरएक्स १०० चा नाही, तर बजाज एम-८० चा आहे. तिचे रील कुणी फारसे करत नाही. पण दुधाचे कॅन, पावाच्या टोपल्या, भाजीची पोती तिने वर्षानुवर्षे वाहिली. पेट्रोलवर चालणाऱ्या मोपेडमध्ये आज टीव्हीएस एक्सएल एकटीच उरली आहे आणि गावोगावी दिसते, म्हणजे ते काम अजून संपलेले नाही. ई-लुनाने त्यात विजेचा पर्याय दिला. एम-८० ची मोठी चाके, तिचा दणकटपणा आणि बॅटरी बदलून घेण्याची सोय एकत्र आली, तर विजेच्या वेळा सांभाळणाऱ्या गावांत तिला जागा आहे.

आणि ज्यांच्याकडे आरएक्स १०० आहेच, त्यांनी ती सांभाळावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते. जुनी गाडी विकत घेताना मात्र इंजिन आणि सांगाड्याचा नंबर आरसी बुकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. आवाज नंतर ऐकावा.