हिरव्या प्रथिनाचं दुसरं घराणं

वाटाण्याच्या पानात ऊन टिपणारं एलएचसी-टू हे प्रथिन आज प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतात. त्याची कुळकथा सहसा जीनपासून सांगतात. कॅशमोर यांनी १९८४ साली वाटाण्याच्या एबी८० जीनची रचना मांडली, १९९० मध्ये पॉलसेन आणि सहकाऱ्यांनी ते प्रथिन ई. कोलायकडून करवून घेतलं, की झाली वंशावळ पुरी. मला ती अर्धीच वाटते.

ई. कोलायकडे मुळात क्लोरोफिल नसतं. त्याच्या पोटात साठतात ते या प्रथिनाचे रंगहीन, विस्कटलेले गोळे. चौदा क्लोरोफिल आणि चार कॅरोटिनॉइड घेऊन उभा राहणारा रेणू त्यातून घडवायचा, तर रंगद्रव्यं बाहेरून बसवावी लागतात. ती विद्या जीनवाल्यांची नव्हे, डिटर्जंटवाल्यांची.

प्रथिनं जेलवर वेगळी करायला सोडियम डोडेसिल सल्फेट हे डिटर्जंट वापरतात. शांपूत असतं तेच. पानातले पडदे त्यात विरघळवले की बरंचसं क्लोरोफिल प्रथिनावरून सुटून जातं. थंडीत ते कमी सुटतं, पण थंडीत हा सोडियमचा क्षारच स्फटिक होऊन तळाशी बसतो. १९७९ मध्ये देलेपलेर आणि नाम-हाय चुआ यांनी सोडियमऐवजी लिथियम घेतलं. ४ अंश सेल्सिअसलाही द्रावण निवळ राहिलं आणि जेलवर हिरवे पट्टे टिकले.

१९८७ मध्ये प्लम्ली आणि श्मिट यांनी याच लिथियमच्या डिटर्जंटमध्ये प्रथिन तापवून उलगडलं, रंगद्रव्यं मिसळली, मिश्रण गोठवलं, वितळवलं, पुन्हा गोठवलं. प्रथिन पुन्हा हिरवं झालं. मात्र झँथोफिल ही कॅरोटिनॉइड असतील तरच.

आता १९८१ च्या 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'मधला एक लेख पाहा. विषय याच प्रथिनाच्या घडणीचा, आणि लेखक श्मिट, बार्टलेट, ग्रॉसमन, कॅशमोर, चुआ. जीन आणि डिटर्जंट, दोन्ही घराणी एकाच पानावर! माझं ठाम मत असं, की लिथियमची युक्ती श्मिट यांनी चुआ यांच्याकडूनच उचलली. तोवर ती बऱ्याच जणांच्या हाती होती, असं कोणी म्हणेल. असेलही. पण जे डिटर्जंट प्रथिन उलगडतं त्यातच ते पुन्हा घडवायचं धाडस, हिरवे पट्टे टिकताना जवळून पाहिलेल्यालाच होतं.

पुढे पॉलसेन यांच्या गटाने गोठवण्याला पर्याय काढला. ऑक्टिल ग्लुकोसाइड हे सौम्य डिटर्जंट घालायचं, मग पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियम मिळताच डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका धरतो. तो सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवला की वरच्या हिरव्या द्रावणात घडी बसलेलं प्रथिन उरतं. लिथियमने विरघळवून ठेवायचं आणि पोटॅशियमने हाकलायचं, एवढ्यावर सगळा खेळ.

जीनवाल्यांचं श्रेय मात्र मी नाकारणार नाही. १९९९ मध्ये बास्सी आणि सहकाऱ्यांनी सीपी२९ या भाऊबंद प्रथिनात क्लोरोफिल धरणारी अमिनो आम्लं एकेक करून बदलली आणि कुठल्या जागी कोणतं क्लोरोफिल बसतं ते शोधलं. पानातून काढलेल्या प्रथिनावर ते जमलं नसतं.