व्हॅक्सीन : एका शब्दाचा इतिहास



ज्या शब्दांचा आपणांस नित्य परिचय असतो, त्यांच्या कुळाची चौकशी आपण सहसा करीत नाही. ‘व्हॅक्सीन’ हा असाच एक शब्द होय. लॅटिन भाषेत गायीला ‘वाक्का’ म्हणतात व गायीचे किंवा गायीपासून झालेले जे, ते ‘वाक्किनुस’. रोगनिवारक औषधाच्या नावात ही गाय कोठून आली, हे पाहण्यासाठी अठराव्या शतकातील इंग्लंडात जावयास हवे.

त्या काळी देवीचा रोग हे सर्व जगावरील संकट होते. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसास त्या पुन्हा येत नाहीत, हा अनुभव मात्र सर्वत्र होता. म्हणून सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालण्याची रीत १७२१ पासून इंग्लंडात रूढ होऊ लागली. तिला ‘इनॉक्युलेशन’ म्हणत. हाही शब्द लॅटिनच, पण बागाइतांकडून आलेला. ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा. एका झाडाचा डोळा दुसऱ्यात बसवावयाचा, ते इनॉक्युलेशन. आपले माळीही या क्रियेस ‘डोळा भरणे’ असेच म्हणतात, हे साम्य मोठे मौजेचे आहे. परंतु या उपायात खऱ्या देवीचेच बीज शरीरात जाई; त्यामुळे कित्येक दगावत, आणि त्यांच्यापासून इतरांसही रोग जडे.

गवळणींना गायीच्या सडांवरील फोडांचा, म्हणजे गोस्तनदेवीचा, संसर्ग झाला की पुढे त्यांना मोठ्या देवी येत नाहीत, असा ग्लॉस्टरशायर परगण्यातील खेडुतांचा समज होता. एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने तो समज कसोटीस लावला. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातला. १ जुलैस त्याच मुलाच्या शरीरात त्याने खऱ्या देवीचे बीज घातले. मुलास देवी आल्या नाहीत. १७९८ साली जेन्नरने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व या गोस्तनदेवीस ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, म्हणजे गायीच्या देवी, असे लॅटिन नाव दिले. गोठ्यातील अनुभवास अशा रीतीने विद्वानांच्या भाषेत स्थान मिळाले. १८०० साली रिचर्ड डनिंग या प्लिमथच्या शल्यवैद्याने त्यावरून ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द बनविला.

हे नाव लोकांस सहज पचले नाही. जनावराचा द्रव माणसात घातल्यास माणसाचेच जनावर होईल, अशी भीती पसरली. गिलरे या चित्रकाराने १८०२ साली काढलेल्या व्यंगचित्रात टोचलेल्या माणसांच्या अंगांतून लहान लहान गायी बाहेर पडताना दाखविल्या आहेत.

त्याच वर्षी ही लस आपल्या देशात आली. द्रव फार दिवस टिकत नसे, म्हणून ती व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा टप्प्याटप्प्याने प्रवास करीत, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जात, मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी व्हॅक्सिनेशन होय. तिच्याच दंडावरील फोडातील लस घेऊन पुढे इतरांस टोचण्यात आले. मराठीने लॅटिन नाव उचलले नाही. ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, आणि जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाचा वाचक असलेला ‘लस’ हा शब्द औषधास मिळाला.

येथपर्यंत व्हॅक्सीन म्हणजे गायीचीच लस. पुढे लुई पाश्चरने कोंबड्यांचा कॉलरा व गुरांचा काळपुळी रोग यांवर लसी तयार केल्या. त्यांत गोस्तनदेवीचा अंशही नव्हता. तरीही १८८१ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने सुचविले की, जेन्नरच्या सन्मानार्थ अशा सर्वच उपायांस व्हॅक्सिनेशन म्हणावे. शब्दाचा अर्थ असा जाणूनबुजून विस्तारला गेला. १८९७ साली हाफकिनने मुंबईत प्लेगाची लस तयार केली, तीही व्हॅक्सीनच ठरली. आपला ‘लस’ शब्दही नेमका याच वाटेने व्यापक झाला.

गंमत अशी की, देवीच्या लशीतील विषाणू गोस्तनदेवीच्या विषाणूहून निराळा असल्याचे १९३९ साली आढळून आले. आणि १९०२ सालच्या एका अमेरिकन लशीच्या परीक्षणाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात तिचे नाते घोड्याच्या देवीशी अधिक जवळचे दिसले. म्हणजे नाव गायीचे असले, तरी कूळ कदाचित घोड्याचे!

जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन झाल्याचे १९८० साली जाहीर केले. रोग गेला, शब्द राहिला. त्या शब्दात गायीचे स्मरण आहे आणि पाश्चरच्या कृपेने जेन्नरचेही. परंतु ज्यांच्या कोवळ्या दंडांवर हा प्रयोग झाला आणि ज्यांची संमती त्या काळी कोणी विचारण्याचे कारण नव्हते, त्या आठ वर्षांच्या जेम्सचे व तीन वर्षांच्या ॲनाचे स्मरण कोणत्याच शब्दात नाही. पुढील वेळी घरातील बालकास लस टोचून आणाल, तेव्हा ही दोन नावे त्याला अवश्य सांगावीत.